अंध लेकराची अक्षरओळख घरातूनच



या सदरात आपण बहुधा बी-बियाणे, खतमात्रा आणि रोगकिडी यांच्या गोष्टी करतो. या खेपेस विषय निराळा आहे, पण तो तुमच्यातूनच आलेला आहे. भातकापणी आटोपल्यावर वालाच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला किन्हवलीच्या बाजूला एका पाड्यावर गेलो होतो. बियाण्याला जिवाणू खत चोळून झाले, मंडळी उठली, तशा मागे बसलेल्या एक आजी पुढे आल्या. म्हणाल्या, "साहेब, नात चार वर्सांची हाय. जल्मापासून दिसत नाय. शाळंला अजून दोन वर्सं हायेत. तवर काय करायचं तिचं?"

तेव्हा उभ्या उभ्या जेवढे सुचले तेवढे सांगितले. पण असे लेकरू असलेली घरे आपल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात आणखीही असतील, म्हणून आज सविस्तर लिहितो. मी शेतीचा पदवीधर, अंधशिक्षणाचा नव्हे. पण विशेष शिक्षकांशी बोलून, वाचून आणि काही घरांतून पाहून जे कळले ते शेतकऱ्याच्या भाषेत मांडायला हरकत नाही.

आजींच्या प्रश्नातला "तवर" हा शब्द महत्त्वाचा आहे. भाताचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की लावणी करावी, असे आम्ही दरसाल कानीकपाळी ओरडतो. पाऊस लांबला, माणसे मिळाली नाहीत, रोप राबातच चाळीस दिवसांचे झाले, तर पुढे कितीही युरिया टाका, फुटवे कमीच येतात. लेकराच्या बोटांचे आणि भाषेचेही तसेच काहीसे आहे. शाळेचे सहावे वर्ष ही लावणी. त्याआधीचा राब घरात असतो, आणि तो घरच्यांनीच राखायचा असतो.

डोळस मुलाची अक्षरओळख कधी सुरू होते, विचार करा. तुम्ही म्हणाल, बालवाडीत. तसे नसते. कडेवर असल्यापासून ते एसटीची पाटी पाहते, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरे पाहते, भिंतीवरचे कॅलेंडर, खताची गोणी, दुकानाचा फलक पाहते. पाच वर्षांत अक्षर नावाची गोष्ट त्याच्या नजरेखालून हजारो वेळा जाते. वाचता येत नसले तरी "ह्या खुणांत काहीतरी लिहिलेले असते" एवढे त्याला आपोआप कळते. अंध मुलाच्या बोटांखालून या पाच वर्षांत एकसुद्धा अक्षर जात नाही. मग सहाव्या-सातव्या वर्षी, कधी आठव्या-दहाव्या वर्षी, त्याला एकदम ठिपक्यांचा जाड कागद देऊन म्हणायचे, वाच. त्याची बुद्धी कमी नसते. त्याला अक्षर भेटलेलेच नसते.

हे अक्षर म्हणजे ब्रेल. नाव परके असले तरी समजायला ते फार सोपे आहे. दोन ओळी शेजारी शेजारी धरा, आणि प्रत्येक ओळीत वरून खाली भाताचे तीन चूड लावा. झाले सहा चूड. डाव्या ओळीतले वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडचे चार, पाच, सहा. यातला कुठला चूड लावला आणि कुठला रिकामा ठेवला, यावरून अक्षर ठरते. फक्त पहिला ठिपका म्हणजे अ. एक आणि दोन म्हणजे ब. एक आणि तीन म्हणजे क. डावी ओळ पूर्ण भरली, म्हणजे एक-दोन-तीन, की ल. त्याच ल ला सहावा ठिपका जोडला की व. तीन-चार-पाच हा आ. तेव्हा व, आ, ल एकापुढे एक मांडले की वाल झाला. सहा ठिपक्यांतून अशा 63 खुणा होतात, आणि तेवढ्यात स्वर, व्यंजने, विरामचिन्हे सगळे भागते. चारसूत्री लावणीत खुणा केलेली दोरी धरून जागेवरच चूड लावायची ज्यांना सवय आहे, त्यांना एक ठिपका घसरला तर अक्षर का बदलते, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गंमत. छापील मराठीत "कि" लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर दिसतो. ब्रेलमध्ये तसे नाही. आधी क, मग इ. जसे तोंडातून निघते तसे बोटाखाली येते. काना, मात्रा, उकार यांच्या वेगळ्या खुणा नाहीत, स्वरच पुढे लिहायचा. माझ्या मते शिकणाऱ्या लेकराला आपल्या बाराखडीपेक्षा हे सोपेच जाते.

ही लिपी ज्याने शोधली त्याची हकिगत शेतकऱ्याच्या घरात सांगण्यासारखी आहे. फ्रान्स देशातल्या कुव्रे नावाच्या गावात 1809 साली लुई ब्रेलचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरे आणि चामडी साज तयार करीत. तीन वर्षांचा असताना पोर वडिलांच्या आरीशी खेळत होते, ती डोळ्यात लागली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यातही विकार गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. सैनिकांना अंधारात वाचता यावे म्हणून बार्बिए नावाच्या माणसाने बारा ठिपक्यांची एक पद्धत काढली होती. ती बोटाला अवघड जात होती. लुईने तिचे सहा ठिपके केले, तेव्हा, म्हणजे 1824 साली, तो अवघा पंधरा वर्षांचा होता. कागदावर ठिपके उठवायला जी टोकदार लेखणी लागते, ती दिसायला आरीचीच धाकटी बहीण.

इथे जरा आडवाटेने जातो. आपल्या घरातही आरी, विळा, खुरपे, फवाऱ्याची औषधे आणि पानाच्या डब्यातली चुन्याची पुडी किंवा नळी असते. चुन्याची नळी दाबताना फुटून डोळ्यात चुना गेला की बुबुळ भाजते. तसे झाले तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ सोडायची आणि तडक दवाखाना गाठायचा. डोळ्यात पाल्याचा रस पिळणे, कुणाचे तरी औषध टाकणे, हे उद्योग नकोत. आणि मूल जन्मापासून पाहत नाही असे वाटले, बाहुलीत पांढरे दिसले, तर "मोठेपणी बघू" म्हणू नका. तान्ह्या बाळालाही मोतीबिंदू असतो आणि त्याची शस्त्रक्रिया वेळेत झाली तरच नजर वाचते. पांढऱ्या बाहुलीमागे कधी गाठही असते, ती जिवावर बेतते. तेव्हा ब्रेलच्या आधी डोळ्यांचा डॉक्टर. काही मुलांना थोडे दिसते, त्यांना मोठी अक्षरे वाचता येतात. तेही डॉक्टरच सांगतील.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतातली पहिली अंधशाळा 1887 साली अमृतसरला निघाली. मुंबईत 1900 साली मिस मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी अंधशाळा काढली. ती आज दादरची श्रीमती कमला मेहता अंध मुलींची शाळा म्हणून ओळखली जाते. 1902 साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. त्या काळी देशात ब्रेलच्या एकाहून अधिक पद्धती होत्या आणि एकीकडचे पुस्तक दुसरीकडे चालत नसे. 1951 साली भारती ब्रेल ठरली आणि हा घोळ मिटला. आता आपला क, गुजराती क आणि तामिळ क, सगळ्यांचे ठिपके तेच. 1952 साली मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना, म्हणजे नॅब, स्थापन झाली. याच संस्थेने वलसाड जिल्ह्यात फणसा इथे खेड्यातल्या अंधांसाठी शेती प्रशिक्षण केंद्र उभारले. म्हणजे अंध माणूस शेतीत काय करणार, हा प्रश्नही जुना झाला.

बरे, आजींच्या नातीकडे वळतो. चार वर्षांची मुलगी. तिला ब्रेल शिकवायचे म्हणजे उद्यापासून ठिपके घोकायला लावायचे का? नाही. आधी बोटांना काम द्यायचे. आणि बोटांना काम द्यायला शेतकऱ्याच्या घरासारखे घर नाही. शहरात यासाठी पैसे मोजून खेळणी आणतात. आपल्याकडे सुपातच सगळे आहे. वाल, हरभरा, मूग आणि चिंचोके एकत्र करून द्या, आणि चार वाट्यांत वेगळे करायला सांगा. आधी दोनच धान्ये, पुढे तीन, मग चार. मूग आणि उडीद बोटाने वेगळे करायला लागली की समजा, तिची बोटे तयार होत आली. मोड आलेले वाल सोलून बिरडे करताना तिला शेजारी बसवा. दाणा दोन बोटांत धरून नेमका दाबायचा आणि सालीतून बाहेर काढायचा, याहून चांगला बोटांचा व्यायाम मला तरी ठाऊक नाही. पीठ मळणे, शेंगा फोडणे, दोरीला गाठ मारणे आणि सोडणे, हेही त्यातच येते. पुढे ब्रेलची लेखणी दाबायला हीच ताकद उपयोगी पडते. अगदी लहान लेकराच्या तोंडात किंवा नाकात दाणा जाणार नाही, एवढे मात्र जवळ बसून पाहावे.

शिकवताना एक गोष्ट सांभाळा. आपण मुलाचा हात पकडतो आणि वस्तूवर नेऊन दाबतो. अंध मुलाचे हात हेच त्याचे डोळे. कुणी आपली मान पकडून जबरदस्तीने इकडे बघ, तिकडे बघ करू लागले तर आपल्याला कसे वाटेल? तेव्हा तुमचा हात वस्तूवर ठेवा आणि तिचा हात तुमच्या हातावर ठेवू द्या. आई भाकरी थापते आहे, लेकराचे पंजे आईच्या पंजांवर. हळूहळू आईने आपला हात काढून घ्यायचा.

दुसरी गोष्ट बोलण्याची. "ते तिकडून आण", "इथे ठेव" हे शब्द अंध मुलाला काहीच सांगत नाहीत. "उंबऱ्याच्या डाव्या हाताला, हंड्याच्या मागे" असे म्हणा. डावे, उजवे, वर, खाली, पहिले, शेवटचे हे शब्द अंगात मुरले की पहिला ठिपका कुठला आणि सहावा कुठला हे समजायला वेळ लागत नाही. बैल म्हणजे काय, हे नुसते शेपूट हाताला लावून कळत नाही. गरीब बैल बघून शिंगांपासून वशिंड, पाठ, पोट, पाय, खूर असा सगळा हात फिरवू द्या, मोठ्याने जवळ उभे राहून. बाजारातला प्लॅस्टिकचा बैल डोळ्यांना बैलासारखा दिसतो. बोटांना तो फक्त प्लॅस्टिकचा तुकडा लागतो. अंध मुले पुष्कळदा शब्द बोलतात, पण त्या शब्दामागची वस्तू त्यांना भेटलेली नसते. ती भेटवणे हे घरच्यांचे काम.

मग पुस्तक. हो, पुस्तकही घरी करता येते. जाड पुठ्ठ्याचे चार तुकडे घ्या, भोके पाडून सुतळीने बांधा. पौषात म्हशाची जत्रा भरते, तिथे लेकराला घेऊन जा. जनावरांच्या गळ्यातले घुंगरू, घोंगडीचा एक तुकडा, वैरणीची काडी, दोरीचा गोंडा असे थोडे थोडे आणा आणि एकेका पानावर शिवा किंवा चिकटवा. झाले "आमची म्हशाची जत्रा" हे पुस्तक. रोज रात्री आजीने मांडीवर घेऊन पान उलटायचे आणि गोष्ट सांगायची. पान उजवीकडून डावीकडे उलटत जाते, गोष्ट पुढे सरकते, प्रत्येक पानावर काहीतरी नवे असते, एवढे कळणे म्हणजे निम्मे वाचन. प्रत्येक पानाखाली त्या वस्तूचे नाव ब्रेलमध्ये असावे. अजून वाचता येत नसले तरी बोट त्यावरून जाऊ द्या. डोळस पोर बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरे वाचता न येताच पाहते, तसेच हे.

सहा ठिपक्यांचा खेळ दाखवायला सहा वाट्या दोन रांगांत मांडून त्यात चिंचोके टाका. ठिपक्यांच्या रांगोळीची सवय असलेल्या आयाबहिणींना हे पटकन जमते. पण सावध करतो. वाट्यांचा खेळ हा खेळच. खरे ब्रेल अक्षर बोटाच्या पेराच्या टोकाखाली एकदम मावते, आणि एका स्पर्शात कळते. मोठ्या आकाराच्या ठिपक्यांवरच फार दिवस रेंगाळले तर मूल एकेक ठिपका मोजत बसते. म्हणून खऱ्या आकाराचा ब्रेलचा कागद लवकर हाती द्या. दोन्ही हातांची बोटे डावीकडून उजवीकडे हलकेच सरकवायची. दाबायचे नाही, आणि एकाच जागी वरखाली घासायचे नाही.

आणि ब्रेल घरच्यांनीही शिकायचे. आमची बोटे नांगराच्या रुमण्याने राठ झालेली, आम्हांला कसे कळणार, असे एक बाप मला म्हणाला. अहो, तुम्हांला डोळे आहेत, तुम्ही डोळ्यांनी वाचा. सहा ठिपक्यांचा तक्ता भिंतीवर लावलात तर रोज दोन अक्षरे या हिशेबाने महिन्याभरात मुळाक्षरे येतात. शाळेत जाणारी थोरली भावंडे तर आठवड्यात शिकतात आणि गुप्त लिपी म्हणून वापरू लागतात. वापरू द्या. आपल्याकडे असे मूल म्हणजे आईची जबाबदारी, अशी एक वाईट रीत आहे. बैठकीला आई येते, आजी येते, दवाखान्यात मावशी जाते, आणि बाप गावभर "देवाची करणी" म्हणून सांगत फिरतो. खताच्या गोणीवरचे आकडे जो वाचतो त्याला सहा ठिपके जड नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाइल बोलतो, पुस्तक वाचून दाखवतो, मग ही खटपट कशाला? मोबाइल जरूर वापरावा, मोठेपणी तर फारच उपयोगाचा. पण नुसते ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, जोडाक्षर कळत नाही, परिच्छेद कुठे तुटला ते कळत नाही. आपल्या डोळस मुलांना कुणी म्हणते का, रेडिओ आहे तर वाचायला कशाला शिकता? शिवाय दुधाचा रतीब, मजुरांचे हजेरीपत्रक, कुणाला उसने दिले ते, हा हिशेब स्वतःच्या हाताने लिहून स्वतःच वाचता आला पाहिजे. खोकल्याचे औषध आणि फवाऱ्याचे औषध यांच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यातच, पण घरातल्या बाटल्यांवर ठिपक्यांची चिठ्ठी असली तर अंध माणूस कुणाची वाट न पाहता ओळखतो.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण सांगतो. मुरबाडहून कल्याणला उतरले की पलीकडे उल्हासनगर. तिथल्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. वर सांगितलेल्या दादरच्या कमला मेहता शाळेत त्या शिकल्या. पुढे उल्हासनगरहून लोकलने मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात जात, मग दिल्लीला गेल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2017 साली लागलेल्या निकालात त्यांचा क्रमांक 124 वा होता, आणि 2019 साली त्यांनी केरळात तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून पदभार घेतला. प्रत्येक मूल कलेक्टर होत नाही, डोळस मुलेही होत नाहीत. पण सहाव्या वर्षी नजर गेली तेव्हा त्या घराने अक्षराची वाट बंद होऊ दिली नाही, एवढे लक्षात घ्या. वाचणाऱ्यांना वाचायलाही काही हवे. 2008 सालच्या फेब्रुवारीत स्वागत थोरात यांनी मराठीत "स्पर्शज्ञान" हे ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते याच गरजेपोटी.

सरकारी बाजू थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालक निवडतील त्या विशेष शाळेत. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र काढून ठेवा. सहाच्या आत अंगणवाडी. मूल अंध आहे म्हणून अंगणवाडीत नको, असे कुणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. केंद्र सरकारने 2023 साली अंगणवाड्यांसाठी दिव्यांग मुलांची कार्यपद्धतीच ठरवून दिली आहे. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्या दिवशी लेकराला भातखाचरात घेऊन जाऊ नका, अंगणवाडीत न्या. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. ब्रेल पाटी, लेखणी आणि तक्ता कुठून मिळेल ते त्यांना ठाऊक असते. एका मोठ्या गावात मला असे आढळले की साहित्य येऊन कपाटात कुलूपबंद पडले होते, कारण मागायलाच कुणी आले नव्हते. मागा.

लहान लेकराला मुंबई-पुण्याच्या वसतिगृहात ठेवावे का, हा प्रश्न आईला रडवणारा आहे. याचे एकच उत्तर मी देणार नाही. विशेष शाळेत ब्रेल पक्के होते, सोबतीला आपल्यासारखी मुले मिळतात. गावच्या शाळेत घर, भाषा आणि भावंडे सुटत नाहीत, पण ब्रेल शिकवणारा नियमित आला नाही तर मूल वर्गात नुसते बसून राहते. गावातच ठेवायचे असेल तर घरच्यांना ब्रेल आलेच पाहिजे, असे मी म्हणेन. आणि वसतिगृहात पाठवले तरी आलेच पाहिजे, नाहीतर पोरीने लिहिलेले पत्र घरात वाचणार कोण?

ब्रेलच्या कागदाविषयी सांगून संपवतो. साधा वहीचा कागद चालत नाही, ठिपका टिकत नाही. जाड कागद लागतो. जुन्या कॅलेंडरची पाने आणि लग्नसराईतल्या पत्रिका फेकू नका, सरावाला चालतात. पाटीवर कागद अडकवून मागून उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून वाचायचा. लिहिलेले कागद आणि पुस्तके एकावर एक रचून वर वजन ठेवू नका, ठिपके बसतात आणि अक्षर पुसले जाते. उभी ठेवा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कागद ओलसर होऊन मऊ पडतो, म्हणून पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून लांब, कोरड्या जागी ठेवावी. पेटीत डांबराच्या गोळ्या टाकत असाल तर त्या मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पुढील अंकी वालावरील शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी.